हिवाळी पॅकेज

१

दार उघडलं तशी गाडी म्हणाली, "सुप्रभात. आज कुठे जायचं आहे?"

आवाज बाईचा होता, गोड आणि घाई नसलेला. आत बसलेला माणूस मात्र कुठे जाण्यायेण्याच्या पलीकडे गेला होता. डोकं डाव्या बाजूने फुटून आत गेलं होतं. एक कान नुसता कातडीवर लोंबत होता. दोन दात स्टिअरिंगच्या मागे पडले होते आणि पुढची काच आतून तपकिरी झाली होती. मागच्या सीटखाली चाकाचा पाना होता, त्याच्या टोकाला पांढरे केस चिकटलेले.

मी पोलीस ड्रायव्हर. तेवीस वर्षं इन्स्पेक्टर लोकांना घेऊन हिंडतोय, प्रेतं काही कमी पाहिली नाहीत. पण या प्रेताने मला गाडी शिकवली होती. गावभर त्यांना क्लचमास्तर म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल. पहिल्या दिवशी मी थरथरत बसलो होतो तेव्हा म्हणाले होते, "घाबरू नकोस, दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली आहे." त्या एका वाक्यावर मी आजवर पोट भरतोय. म्हणून आधीच सांगतो, हे सगळं मी थंड डोक्याने सांगू शकणार नाही.

इन्स्पेक्टर मॅडमनी हातमोजे चढवून प्रेताचा उजवा हात उचलला. मास्तरांनी तो डोक्यावर आडवा धरला असणार, कारण तळव्यापासून मनगटापर्यंत रक्त वाळलं होतं.

"मामा, इकडे बघा."

चार बोटं काळपट लाल होती. अंगठ्याशेजारचं बोट तेवढं स्वच्छ होतं, टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत, कुणीतरी नीट पुसल्यासारखं.

"आपल्याच हाताचं एकच बोट कोण पुसतं?" मॅडम म्हणाल्या. "आणि डोकं फुटल्यावर?"

२

गाडी सरावाच्या मैदानात, पत्र्याच्या शेडखाली उभी होती. मैदानाला उंच भिंत आणि एकच फाटक. कुलूप बाहेरून दाबलं की लागणारं, उघडायला मात्र किल्ली हवी. किल्ल्या दोन. एक मास्तरांच्या खिशात सापडली, दुसरी ताईकडे.

ताई म्हणजे तिथली शिकवणारी. अठरा वर्षांपूर्वी झाडू मारायला आली होती, मास्तरांनी तिच्या हातात स्टिअरिंग दिलं. आता अर्धी शाळा तीच चालवायची. बाहीला रक्त लागलेलं, तशीच ऑफिसच्या बाकावर बसली होती.

"साडेपाचला फाटक उघडलं," ती म्हणाली. "शंकू मांडले, आठाचा आकडा चुन्याने परत आखला. धुकं होतं. शेडमध्ये गाडीत कुणी बसल्यासारखं वाटलं. मास्तर एकटेच राहतात, कधी कधी इथेच पडतात. म्हटलं, झोपू दे. सातला चहा घेऊन गेले."

"आणि?"

"दार उघडलं. गाडी बोलली." तिने मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, ही गाडी कधी बोलत नाही. मास्तरांनी गेल्या अकरा महिन्यांत तिला एक शब्द बोलू दिला नाही."

ते खरं होतं. बिनक्लचची विजेची गाडी घेतली म्हणून गावाने क्लचमास्तरांची टर उडवली होती. पण शाळेत तीही शिकवायला हवी, असा लेकीचा हट्ट. पहिला महिना गाडीतलं सगळं फुकट चाललं: नकाशा, तापणारी सीट, तापणारं स्टिअरिंग, फोनवरून चालू होणारा हीटर. महिना संपल्यावर गाडी मुकी झाली आणि पडद्यावर पाटी आली, पुढे हवं असेल तर दरमहा पैसे भरा. मास्तर भडकले. "गाडी मी विकत घेतली. सीट माझी, तिच्यातली तार माझी. मग माझीच तार तापवायला यांना दर महिन्याला हप्ता कशाचा? उद्या म्हणतील, हॉर्न वाजवायचे वेगळे द्या." हे भाषण गावात सगळ्यांना पाठ झालं होतं. आणि नकाशाचं नाव काढलं की म्हणायचे, रस्ता डोक्यात पाहिजे, काचेवर नाही.

"परवा तुमचं मास्तरांशी भांडण झालं," मॅडम म्हणाल्या. "बाहेर चार शिकाऊ उभे होते. तुम्ही म्हणालात, 'एक दिवस तुमचं डोकं फोडीन.'"

"म्हणाले."

"कशावरून?"

ताईने मान खिडकीकडे फिरवली.

"काल संध्याकाळी कुठे होतात?"

"ते नाही सांगता येणार. मी शब्द दिलाय."

एवढ्यात डॉक्टर शेडमधून आले. अंगात अजून चांगलीच ऊब आहे, म्हणाले. आठ वाजलेत, म्हणजे मृत्यू पाच ते सहाच्या दरम्यान. जबडा, मान, हात ताठ झालेत, ते इतक्या लवकर व्हायला नको होतं. "पण प्रेतं पुस्तकं वाचून मरत नाहीत," असं म्हणून त्यांनी सही केली.

पाच ते सहा. त्या वेळात फाटक एकाच बाईने उघडलं होतं.

मोठ्या साहेबांचा फोन नऊच्या आत आला: ताब्यात घ्या, संध्याकाळी पाचला कोर्टापुढे उभी करा. ताई उठली. तिने चपला घातल्या, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि मला म्हणाली, "दहाच्या तुकडीला सांगा, आज शिकवणी नाही." असल्या खटल्यात एकदा आत गेलेलं माणूस दोन-दोन वर्षं बाहेर येत नाही. ते तिला ठाऊक होतं आणि मलाही.

३

जावई आठ वाजून गेल्यावर आला होता. मास्तरांचा एकुलता एक जावई, शाळेत तोही शिकवायचा. पांढरी शिकवणीची गाडी त्याने फाटकाशी लावली आणि धावतच शेडकडे गेला. परत आला तेव्हा तोंडावर रुमाल होता.

"मी पहाटे चारलाच निघालो होतो," तो म्हणाला. "हायवेचा धडा. सोबत शिकाऊ होती, दवाखान्यातली नर्स. तिची रात्रपाळी चारला संपते. पावणेआठला तिला घरी सोडली. विचारा तिला."

विचारलं. खरं निघालं. चार ते पावणेआठ बाई त्याच्या शेजारी होती.

"आणि काल संध्याकाळी?"

"घरी. टीव्ही बघत. एकटाच होतो, बायको मैत्रिणीकडे गेली होती." मग त्याने मान हलवली. "पण संध्याकाळचं कशाला विचारताय? डॉक्टर तर पहाटेचं म्हणतायत ना?"

"उगाच. सवय," मॅडम म्हणाल्या.

मास्तरांची लेक त्याच्या मागे दोन पावलांवर उभी होती. तीस-बत्तिशीची, बापाचंच नाक. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, प्लास्टर नवंकोरं.

"हाताला काय झालं?" मी विचारलं.

"न्हाणीत घसरली," जावई म्हणाला.

"तिला विचारलं," मी म्हणालो.

"न्हाणीत घसरले," ती म्हणाली. हे म्हणताना तिने नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. माझ्या डोक्यात तेव्हाच तिडीक गेली. पण तिडीक हा पुरावा नव्हे, असं मॅडम मला नेहमी सांगतात.

मास्तरांचा फोन कुठेच सापडला नाही. तो फोन सगळ्या गावाला माहीत. मागचं झाकण ढिलं झालेलं, म्हणून त्यावर जाड लाल रबरबँड आडवा चढवलेला. नवा घ्या म्हटलं की म्हणायचे, याला काय धाड भरलीय? त्याला उघडायचा आकडा वगैरे काही नव्हता. फक्त पैसे भरताना तो बोट मागायचा. तेवढं लेकीने लावून दिलं होतं.

निघता निघता मी ऑफिसच्या फळ्यावर पाहिलं. मास्तर रोज संध्याकाळी गाडीची बॅटरी किती भरली ते खडूने लिहायचे. कालचा आकडा होता सात वाजता, अठ्ठ्याण्णव. शेडमध्ये पडद्यावर मी सकाळी चौऱ्याहत्तर वाचला होता.

"मॅडम," मी म्हणालो, "गाडी जागची हलली नाही. मग रात्रभर खाल्लं काय हिने?"

४

शोरूम म्हणजे नुसती काच. आत शिरताना आपणच आपल्याला भेटतो. गाडी विकणारा पोरगेला माणूस, गळ्यात निळा टाय. मास्तर त्याला नावाने नव्हे, टाय म्हणूनच हाक मारायचे. दोन महिन्यांपूर्वी याच काचेच्या खोलीत त्यांनी त्याच्या मुस्काटात मारली होती. ओठ फुटून तीन टाके पडले होते. त्यामुळे संशयितांत तोही होता.

"राग नव्हता का?" मॅडमनी विचारलं.

"होता ना. पण मॅडम, मला महिन्याला दोघंतरी मारायला उठतात." त्याने ओठावरून बोट फिरवलं. "लोक गाडी घेतात आणि वर्षाने कळतं की निम्मी गाडी भाड्याची आहे. कंपनीला हात लावता येत नाही, मग टाय धरतात. काल रात्री मी घरी झोपलो होतो. साक्षीला कुणी नाही."

"मास्तरांच्या गाडीतला नकाशा बोलतोय."

"अशक्य."

"मी स्वतः ऐकला."

तो कॉम्प्युटरपाशी गेला. गाडीचा नंबर घातला आणि हळूच खुर्चीत बसला.

"काल संध्याकाळी आठ बावन्नला पॅकेज घेतलंय. हिवाळी पॅकेज, तीस दिवसांचं. त्यांच्याच फोनवरून, बोट लावून."

बोट लावून. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. पुसलेलं ते बोट मला पुन्हा दिसलं.

"या पॅकेजमध्ये काय काय येतं?"

"सीट तापते, स्टिअरिंग तापतं, फोनवरून हीटर चालू-बंद करता येतो. आणि नकाशा. तो सोबतच येतो, वेगळा काढता येत नाही. लोक हीटरसाठी घेतात आणि दुसऱ्या दिवशी दार उघडलं की नकाशा तोंड उघडतो. मग मला फोन करतात की हा कोण बोलतोय. गिऱ्हाइकाला पहिली सूचना मी तीच देतो, नको असेल तर आवाज बंद करून ठेवा."

"काल रात्री काय काय चालू होतं, ते दिसतं?"

"हुकूम दिसतात." त्याने पडदा वळवला. "आठ पंचावन्न, सीट आणि हीटर चालू, पूर्ण. आज सकाळी सहा दहा, बंद. दोन्ही फोनवरूनच."

"सहा दहाला मास्तर मेलेले होते," मी म्हणालो. "डॉक्टरच्या हिशेबानेसुद्धा."

टायवाल्याने पडद्यावरचा हात मागे घेतला.

"एक सांगा," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या महिन्यात हे सगळं फुकट चालू असताना गाडीत कोण कोण बसलं होतं?"

"दाखवायला मीच घेऊन गेलो होतो. पुढे मास्तर. सीट इतकी तापली की ताडकन उठले, डोकं छताला आपटलं. मागे त्यांची मुलगी आणि जावई. जावई पोट धरून हसत होता." टायवाला थांबला. "त्याने विचारलं होतं, हे घरबसल्या फोनवरून चालू करता येतं का. आणि बंद?"

५

डॉक्टरांना मॅडमनी फोनवर एवढंच सांगितलं की प्रेत नऊ तास तापलेल्या सीटवर बसलं होतं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग डॉक्टर म्हणाले, "पाठ आणि मांड्या लालसर होत्या. पायाची बोटं थंडगार. हात ताठ." आणि नंतर, चरफडत, "मला कुणी सांगितलं का सीट तापते म्हणून? मी काय मेकॅनिक आहे? मृत्यू आदल्या संध्याकाळचा. आठ-नऊचा. लिहून देतो."

जीप कोर्टाच्या रस्त्याला होती. चार वाजायला पंचवीस मिनिटं होती. माझ्या चष्म्याची दोरी नेहमीसारखी गिअरच्या दांड्यावर लटकत होती. मॅडम त्यावरून मला रोज चिडवतात. पण मास्तरांची शिकवणच तशी: हातात काही नको, मांडीवर काही नको, असेल ते गिअरला अडकव. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस दांड्यावरून ओळखावा.

"आता सरळ विचार करू, मामा," मॅडम म्हणाल्या. "मास्तर अकरा महिने ज्याला शिव्या घालत होते ते मरणाच्या संध्याकाळी विकत घेतील का? नाही. मग घेतलं कुणी? ज्याने मेलेल्या माणसाचं बोट पुसून फोनवर टेकवलं त्याने. रक्ताने माखलेलं बोट फोन ओळखत नाही."

"हो."

"त्याला नकाशा नको होता. उभ्या गाडीला नकाशा कशाला? त्याला सीट हवी होती. प्रेत गरम ठेवायचं, सकाळी डॉक्टर फसायला हवा. म्हणजे हा कोण? पहाटेसाठी ज्याच्याकडे साक्षीदार आहे आणि संध्याकाळसाठी नाही, असा. टायवाल्याकडे पहाटेचाही साक्षीदार नाही, त्याला या उबेचा काय फायदा? शिवाय नकाशा सोबत येतो हे तो रोज दहा जणांना सांगतो. त्याने आधी आवाज बंद केला असता. आणि ताई? पहाटे साडेपाचला एकटी किल्ली घेऊन येणारी बाई मरणाची वेळ ओढून स्वतःच्याच गळ्यात घालेल?"

"राहिला जावई," मी म्हणालो. "फुकटच्या महिन्यात सगळंच चालू होतं. काय कशासोबत येतं ते त्याला कळलंच नाही."

"तो दार लावून निघून गेला. गाडी बोलते दार पुन्हा उघडल्यावर. त्याने तो आवाज काल ऐकलाच नाही." मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. "पण हे सगळं डोक्यातलं झालं. कोर्ट विचारेल, फोन त्याच्याकडे होता हे दाखवा. फोन तर एव्हाना कुठल्यातरी पाण्यात असेल."

मॅडमनी नर्सबाईला पुन्हा फोन लावला. तिला आठवत होतं. नदीच्या पुलाअलीकडे जावयाने गाडी थांबवली होती, सहाच्या थोडं पुढे. "फोन बघत होते गाडीतच. मग उतरून कठड्यापाशी गेले आणि परत आले. फोन कुठला ते नाही पाहिलं, मी भीतीने स्टिअरिंग सोडलं नव्हतं."

मी करकचून ब्रेक मारला. मॅडमचं कपाळ काचेला लागता लागता वाचलं.

"काय झालं?"

"फोनवर रबरबँड आडवा असतो, मॅडम. तो काढल्याशिवाय पडदा नीट दाबता येत नाही." मी माझ्या चष्म्याच्या दोरीकडे बोट दाखवलं. "मास्तरांचा चेला गाडीत बसून रबरबँड काढेल. काढून ठेवेल कुठे?"

६

ताईला पोलीस गाडीतून आधी मैदानावर आणायला मॅडमनी सांगितलं. मोठे साहेब फोनवर ओरडत होते, मॅडमनी फोन खिशात टाकला.

पांढरी शिकवणीची गाडी सकाळी लावली तिथेच, फाटकाशी उभी होती. मी शिकवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडून वाकलो. गिअरच्या दांड्यावर जपमाळ होती, नर्सबाईचा केसांचा पट्टा होता आणि त्यांच्या खाली, अगदी बुडाशी, जाड लाल रबरबँड. एका जागी तो काळा पडून कडक झाला होता. मला हात लावायचा धीर झाला नाही.

"ताई, तुम्ही बसा," मॅडम म्हणाल्या. "हात न लावता बघा. ओळखता?"

ताई तिच्या नेहमीच्या जागी बसली. एकदाच पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. "मास्तरांचा. हा शाईचा ठिपका मीच लावला होता, सारखा हरवायचे म्हणून."

बोलावून घेतलेला जावई शेडपाशी उभा होता, लेक मैदानाच्या मधोमध, चुन्याने आखलेल्या आठाच्या आकड्यात. मॅडम तिच्याकडे वळल्या. "काल संध्याकाळी आठ ते दहा तुम्ही कुठे होतात? ताई सांगत नाहीत. त्यांनी कुणालातरी शब्द दिलाय. पाच वाजता त्या शब्दापायी त्या तुरुंगात जातील."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिने त्याच्याकडे पाठ केली.

"दवाखान्यात. ताईसोबत," ती म्हणाली. "काल यांनी दाराच्या फटीत माझा हात धरून दार लावलं. दोनदा. पहिल्यांदा मोडला नाही म्हणून. मारहाण नेहमीचीच, परवा ताई बाबांशी भांडली ती त्यावरूनच. बाप आहात की कोण, म्हणाली. काल दवाखान्यातून तिने बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, याला मैदानावर बोलावतो, आज याचा शेवटचा धडा. रात्री मी ताईकडे झोपले. सकाळी हे इथे येऊन हळूच म्हणाले, घसरलीस म्हण, नाहीतर ताईला फासावर चढवतो."

"मीच फोन केला," गाडीतून ताई म्हणाली. "मी केला नसता तर…"

जावई हसला. "वेडी आहे ती. पहिल्यापासून." असं म्हणत तो गाडीकडे चालत आला, अगदी सावकाश, आणि आम्हाला कळायच्या आत चालवणाऱ्याच्या सीटवर बसला. इंजिन घरघरलं. मी दरवाजाला लोंबकळलो. त्याने कोपर माझ्या नाकावर हाणला, हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला आणि मी मातीत पडलो.

गाडी फाटकाकडे गेली नाही. फाटक उघडं होतं, तीन मीटरवर होतं. त्याने स्टिअरिंग उलटं फिरवलं आणि सरळ बायकोवर घातली. शंकू उडाले. एक मॅडमच्या गुडघ्यावर बसला आणि त्या कोसळल्या. लेक हललीच नाही. प्लास्टरचा हात पोटाशी धरून त्या आठात उभी राहिली.

बंपर तिच्या साडीला लागला आणि गाडी थांबली. चाकं मातीत रुतली, मागचा भाग उचलला जाऊन खाली आपटला. जावयाने पट्टा लावला नव्हता. त्याचं तोंड स्टिअरिंगवर आदळलं आणि हॉर्न वाजतच राहिला.

शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात. दुसऱ्यावर ताईचे दोन्ही पाय होते.

त्याने रक्ताच्या तोंडाने तिचे केस धरले आणि तिचं डोकं काचेवर आपटलं, एकदा, दोनदा. काच तडकली. तिने पाय काढले नाहीत. तिसऱ्यांदा आपटायच्या आत मी पोहोचलो होतो. त्याला बाहेर ओढताना मी काय केलं ते मी जबाबात लिहिलेलं नाही आणि मॅडमनी विचारलेलं नाही. त्याचा खांदा निखळला होता, एवढं डॉक्टरांनी लिहिलं.

"ताई, आता सोडा ब्रेक," मी म्हणालो.

"गाडी बंद करा आधी," ती म्हणाली. कपाळावरून रक्त डोळ्यात उतरत होतं. "इंजिन चालू असताना ब्रेक सोडायचा नाही. मास्तर रागावतात."

७

ताई पाच वाजता कोर्टात गेली नाही. ती दवाखान्यात गेली, अकरा टाके पडले. रबरबँडवरचं रक्त मास्तरांचंच निघालं. फोन नदीत सापडला नाही, पण आता त्याची कुणाला गरज राहिली नव्हती. दोन दिवसांनी जावयाने कबूल केलं. मास्तरांनी त्याला शेडमध्ये गाडीत बोलावून सांगितलं होतं की लेक उद्या माहेरी येईल आणि तुझं लायसन्स मी स्वतः रद्द करायला लावीन. एवढं बोलून ते निवांत पुढे बघत बसले. पाना मागच्या सीटवर होता.

आठवड्याने मी त्या गाडीच्या किल्ल्या परत द्यायला गेलो. माझं नाक बांधलेलं, ताईचं कपाळ बांधलेलं, लेकीचा हात बांधलेला. गावाने पाहिलं असतं तर म्हटलं असतं, ड्रायव्हिंग स्कूल आहे की हाडांचा दवाखाना. गाडी धुऊन आली होती, सीटही नवी होती. टायवाला तिथेच उभा होता. तो आपणहून आला होता, त्या दिवशी टाय न घालता.

"मी कंपनीला कळवलंय," तो लेकीला म्हणाला. "तुम्ही म्हणाल तर पॅकेज आजच बंद करतो. गाडीचा तो आवाज… तुम्हाला त्रास नको."

तिने विचारलं, "पैसे कुणाच्या खात्यातून गेले?"

तो खाली बघत म्हणाला, "मास्तरांच्याच."

ती काही वेळ गाडीकडे पाहत राहिली. बाप अकरा महिने नाही म्हणाला होता, भांडला होता, एकाच्या थोबाडीत दिली होती. शेवटी मेल्यावर त्याच्याच बोटाने त्याच्याकडून पैसे भरून घेतले गेले. ती रडेल असं मला वाटलं, आणि तिने रडावं असंही वाटलं.

लग्नानंतर सात वर्षं तिला नवऱ्याने गाडीला हात लावू दिला नव्हता. तिने दार उघडलं आणि चालवायच्या जागी बसली. ताई पलीकडून शेजारी बसली. या गाडीला दुसरा ब्रेक नव्हता, तरी ताईचा पाय सवयीने पुढे सरकलेला मला दिसला.

"सुप्रभात," गाडी म्हणाली. "आज कुठे जायचं आहे?"

टायवाल्याने कसनुसं तोंड केलं. "बंद करतो, एक मिनिट."

"राहू द्या," ती म्हणाली. "महिनाभर बोलू दे तिला. बाबांनी पैसे भरलेत."